भेंडीपाडा केबिन

१

दुपारचं जेवण झालं की मी मागच्या पडवीत जाऊन बसतो. दोन ते पाच. टेबलावर भिंग, चिमटे, कानशींचा डबा आणि शेवग्याच्या झाडाकडे उघडणारी एक खिडकी. तारापूरच्या कारखान्यांत छत्तीस वर्षं मी गेज आणि मीटर दुरुस्त केले. निवृत्त झालो आणि त्याच हातांनी रेल्वेचे जुने सिग्नल आणि केबिनी बनवायला लागलो. पालघरजवळच्या माहीमच्या आमच्या वाडीत पानवेली माझी बायको जयवंती बघते, मी हे बघतो.

लोक याला खेळणी म्हणतात. म्हणोत. खऱ्या केबिनीसमोर उभं राहून मी टेपनं माप घेतो, एका फुटाला सात मिलिमीटर धरतो, विटांचे थरसुद्धा मोजतो. माझ्या सिग्नलचा हात तार ओढली की पडतो. माझ्या केबिनीतली लिव्हर ओढली की बाहेरचा सांधा, म्हणजे गाडीची वाट बदलणारी रुळांची जोडणी, सरकतो.

आणि हे सगळं मी रागानं करतो, तेही सांगून टाकतो. तीस-तीस वर्षं माणसं ज्या केबिनीत उभी राहिली, त्या एका दुपारीत पाडतात. लाकूड कुणाच्या तरी गोठ्याला जातं, लिव्हर भंगारात जातात. कुणी विचारत नाही. मी निदान मापं तरी घेऊन ठेवतो.

पण भेंडीपाड्याच्या केबिनीचा राग वेगळा होता.

बोईसरच्या पूर्वेला एका खताच्या कारखान्याची साइडिंग होती. मुख्य लाइनपासून फुटून भेंडीपाड्याच्या शेतांतून कारखान्यात जाणारा एक फाटा. कारखाना कधीच बंद पडला. त्या फाट्यावरच्या केबिनीत माझे वडील, शांताराम, बावीस वर्षं केबिनमन होते. १९८५च्या सप्टेंबरात, दुपारी पावणेचारच्या सुमारास, केबिनीसमोरच्या सांध्यात वंगण घालणारा चिंधू नावाचा रेल्वेचा खलाशी मेला. बाबांनी सांधा फिरवला तेव्हा त्याचा पाय दोन रुळांच्या फटीत चिमटला गेला. मागून इंजिनानं ढकलत आणलेले डबे त्याच्या अंगावरून गेले.

चौकशी झाली. बाबांनी लिहून दिलं की पाऊस होता, खिडक्या बंद होत्या, वर पत्रा वाजत होता, मला काही ऐकू आलं नाही. चिंधूनं न सांगता सांध्यात पाय घातला. चौकशीनं ते मान्य केलं. भेंडीपाड्यानं केलं नाही. चाळीस वर्षं झाली, अजून बोईसरच्या बाजारात पाड्यावरचं कुणी दिसलं की आमच्या घरचा माणूस बघून तोंड फिरवतं. बाबांनी ते मुकाट्यानं सोसलं. मला ते सोसवत नसे.

जानेवारीत कळलं की भंगारवाला ती केबिन पाडणार आहे. मी टेप उचलली.

२

केबिनीचा जिना अर्धा पडला होता. मी वर चढून खिडक्यांची मापं घेत होतो. लाइनच्या बाजूला तीन खिडक्या होत्या, लाकडी चौकटीच्या, बाजूला सरकणाऱ्या. खालून आवाज आला.

"कोण रं तू? काय मोजतोस?"

चाळिशीची बाई होती. डोक्यावर सुक्या काटक्यांचा भारा. कपाळावर गोंदण. मी नाव सांगितलं, दिनानाथ, माहीमचा.

तिनं भारा खाली टाकला. "शांतारामचा पोरगा?"

नुसतं शांताराम. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला. माझं डोकं तिथंच तापलं.

"मी नवसी," ती म्हणाली. "चिंधूची पोर."

टेपचं टोक खाली सोडलं. खिडकीपासून सांध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं होतं. ते भरलं चोवीस फूट.

"त्या ओढ्याच्या पल्याड माझी माय शेतात व्हती," नवसी म्हणाली. "तिला माझ्या बाचं वरडणं ऐकू आलं. चिखलातनं धावत आली. आणि वरच्या माणसाला नाय ऐकू आलं?"

"पत्र्यावर पाऊस पडत होता. खिडक्या बंद होत्या. चौकशीत लिहिलंय."

"तू व्हतास?"

"तू तरी होतीस का?"

"मी मायच्या पोटात व्हते." तिनं ओढ्याकडे हात केला. "सगलं मोजतोस ना? मग ते बी मोज. हितनं मायच्या बांदापर्यंत."

मी ते मोजलं नाही. वही मिटली आणि गाडीला किक मारली. माहीमपर्यंत येताना मनातल्या मनात मी तिच्याशी भांडत होतो. उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. मे महिन्यात पालघरला आम्हा मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन असतं. तिथं मी भेंडीपाड्याची केबिन ठेवणार. सांध्यासकट, बंद खिडक्यांसकट. शेजारी पाटी लावणार, त्या दिवशी काय झालं ते चौकशीच्या कागदाबरहुकूम. येईल त्यानं वाकून बघावं आणि समजून घ्यावं की या खोलीतून ऐकू येणं शक्य नव्हतं.

३

फेब्रुवारी आणि मार्च त्यातच गेले. विटा प्लॅस्टिकच्या शीटवर कोरल्या. सात लिव्हर पितळेच्या पट्टीतून कापल्या. पाच नंबरची लिव्हर सांध्याची. तिला खालून तार जोडली. खिडक्यांना काच म्हणून जुने एक्स-रे धुऊन वापरतात, तसे वापरले. तिन्ही खिडक्या सरकवून पूर्ण बंद केल्या आणि गोंदानं कायमच्या चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधली खिडकी दोन मिलिमीटर उघडी होती.

दोन मिलिमीटर म्हणजे काही नाही. गोंद ओला राहिला असेल, उष्म्यानं चौकट फुगली असेल. मी ती खरवडली, बंद केली, दोन नळ्यांचा पक्का गोंद लावला, वरून चिमटा लावून ठेवला. रात्रभर सुकू दिलं. सकाळी नखानं रेटून बघितलं, हलत नव्हती. जेवून आलो तेव्हाही बंदच होती. मी सिग्नलच्या खांबाची शिडी जोडत बसलो. चार वाजता चहाला उठताना नजर गेली.

मधली खिडकी पाच मिलिमीटर उघडी. चिमटा जागच्या जागी.

मी जयवंतीला हाक मारली. आवाज चढलेलाच होता.

"पुसताना हात लावलास का याला?"

"तुमच्या त्या टेबलाला मी झाडूसुद्धा लावत नाही," ती म्हणाली. "दोन महिने झाले, घरात एक शब्द सरळ बोलत नाही तुम्ही. कुणावर रागावलाय तेवढं तरी सांगा."

"खिडकी उघडी कशी?"

तिनं वाकून पाहिलं. "असेल उघडी. खिडकीच आहे ना?"

तिच्यावर ओरडलो मी. कशासाठी ते आता आठवत नाही. ती वाडीत निघून गेली.

४

मग मी ती भिंतच काढून टाकली.

नवी भिंत एका अखंड शीटची केली. खिडक्या वेगळ्या बनवल्याच नाहीत. चौकटींच्या रेघा सुईनं कोरल्या, काचेच्या जागी नुसता करडा रंग भरला. सरकायला काही नव्हतंच. घड्याळ लावतो त्या दगडी भिंतीत खिडकी उघडेल का? तसंच हे.

त्या दिवशी मी मुद्दाम बाहेर राहिलो. सातपाटीला जाऊन मासळी आणली, कारण नसताना मित्राकडे बसलो. साडेचारला परत आलो आणि सरळ पडवीत गेलो.

मधली खिडकी निम्मी उघडी होती.

भिंग घेतलं. शीट कापलेली नव्हती. वितळलेली नव्हती. कडेला पात्याचा ओरखडासुद्धा नव्हता. जिथं मी करडा रंग भरला होता तिथं आता भोक होतं. रंगवलेली काच त्याच्या शेजारी सरकून बसली होती, खोबणीत बसावी तशी. मी खोबण केलेलीच नव्हती. आत अंधार होता. पाच नंबरची लिव्हर ओढलेली होती. बाहेरचा सांधा फिरलेला होता.

छत्तीस वर्षं मी मीटर तपासले. मीटर चुकीचा आकडा दाखवतो तेव्हा कुठंतरी कारण असतं. स्प्रिंग सैल असते, दट्ट्यात कचरा असतो. कारण सापडेपर्यंत उठायचं नाही, हेच मी शिकलो. म्हणून मी टेबल सरकवून पाहिलं, उंदराच्या लेंड्या शोधल्या, तारेचा ताण मोजला. घाम फुटला होता तो उकाड्याचाच, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत नव्हती. मला संताप येत होता. माझ्या हातानं केलेली वस्तू माझ्याशी खोटं बोलत होती.

त्या वेळी तरी मला तसंच वाटत होतं.

५

दुसऱ्या दिवशी मी टेबलापासून उठलोच नाही. अडीच वाजल्यापासून खुर्ची टेबलाला भिडवून बसलो. खिडकी मी पुन्हा बुजवली होती, वरून रंग दिला होता. लिव्हर परत टाकली होती.

एप्रिलचं ऊन होतं. शेवग्याचं पान हलत नव्हतं. मधल्या खोलीत बाबांचा रेडिओ मोठ्यानं चालू होता. दुपारी ते रेडिओ लावूनच आडवे होतात. चाळीस वर्षं मी तसंच पाहतोय आणि का, हे कधी विचारलं नव्हतं.

तीन चाळीसला लिव्हर खट्ट झाली.

पितळेची इंचभर लिव्हर ती, तिचा आवाज होतो तेवढाच झाला. तार ताणली गेली. सांध्याचं पातं रुळाला जाऊन चिकटलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मग बारीक तडतड सुरू झाली. गरम तव्यावर मीठ टाकल्यासारखी. मी पडवीच्या छपराकडे पाहिलं. कोरडं होतं. कान जवळ नेला. आवाज केबिनीच्या पत्र्यातूनच येत होता.

मधली खिडकी उघडीच होती. ती उघडताना मला दिसली नाही. मी छपराकडे पाहत होतो तेवढ्यात उघडली असेल, किंवा आधीपासूनच उघडी असेल आणि मी बंद बघत असेन. ते मला सांगता येणार नाही.

आणि खाली, सांध्याजवळ, कुणीतरी ओरडत होतं. तिथं काही नव्हतं. रूळ होते, खडीसाठी पसरलेली वाळू होती. डास कानाशी यावा एवढाच आवाज, पण डास श्वास घ्यायला थांबत नाही. हा थांबत होता. पुन्हा सुरू होत होता. तीच दोन अक्षरं पुन:पुन्हा. शब्द लागत नव्हता.

मी मोजू लागलो. सवयच ती. दहा. वीस. तीस. चाळीसला खिडकीच्या आत काहीतरी हललं. चौकटीवर चार बोटं आली. माझ्या मापानं केलेल्या माणसाची बोटं टाचणीच्या टोकाएवढीसुद्धा नसती, तरी ती बोटं होती एवढं मला स्वच्छ दिसलं. त्यांनी चौकट धरली आणि खिडकी सरकवली.

बंद केली.

घाई नव्हती. दचकून केलेलं नव्हतं. पावसाचे शिंतोडे आत येतात म्हणून आपण उठून खिडकी लावतो ना, तसं. नीट, शेवटपर्यंत, खट्याक होईपर्यंत. लिव्हर ओढलेलीच राहिली.

डासासारखा तो आवाज त्यानंतरही काही वेळ चालू होता. मग नव्हता.

६

मी मधल्या खोलीत गेलो आणि रेडिओ बंद केला.

बाबा डोळे उघडून छताकडे पाहत होते. झोपलेले नव्हते.

"खिडकी उघडी होती," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं नाही कुठली. "कोण बोललं?"

"कुणी नाही. उघडी होती ना?"

"पाऊस आत येत होता. म्हणून लावली."

चाळीस वर्षांत ते याविषयी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी खाटेच्या कडेवर बसलो.

"बाबा, ओढलेली लिव्हर परत टाकायला किती वेळ लागतो?"

"दोन सेकंद," ते लगेच म्हणाले. कामाचा प्रश्न होता.

"आणि ती परत टाकली असती तर पाय सुटला असता."

बाहेर जयवंती बादलीत पाणी भरत होती. बादली भरून वाहू लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. तीही ऐकत होती.

"नावानं हाक मारली त्यानं मला," बाबा म्हणाले. "नुसत्या नावानं. शांत्या, शांत्या. मी केबिनमन होतो."

"तो अडकला होता."

"डबे लांब आहेत असं वाटलं मला. वाटलं, जरा ओरडू दे."

जन्मभर ज्या माणसासाठी मी लोकांवर चिडलो, बाजारात भांडलो, ज्याच्यासाठी दोन महिने बसून विटा मोजल्या, तो माणूस चादरीची घडी बोटानं सारखी करत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, जानेवारीत नवसीनं "शांताराम" म्हटलं तेव्हा माझ्या कपाळाची शीर उडाली होती, ती मला आठवत होती. तोच राग. तसाच्या तसा. माझ्या हातात त्या वेळी लिव्हर नव्हती, टेप होती म्हणून बरं.

"जरा म्हणजे किती?" मी ओरडलो. "जरा म्हणजे किती, बाबा?"

त्यांनी हात लांब करून रेडिओ लावला.

७

प्रदर्शनातून नाव मी त्याच दिवशी काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भेंडीपाड्याला गेलो. नवसी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. केबिनीच्या मॉडेलचं सांगितलं नाही, बाबा जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. तिचं सूप हलायचं थांबलं, एवढंच.

मग ती म्हणाली, "त्याला आण हितं."

"पोलिसांत जायचं असेल तर मी येतो. लिहून देतो."

"पोलीस काय करतील आता? त्याला आण. लायनीवर."

जयवंती आडवी आली. "पंच्याऐंशीचं माणूस आहे, या उन्हात कुठं नेता? काही झालं म्हणजे?" मला वाटलं होतं बाबाच नाही म्हणतील. पण त्यांनी धुतलेला सदरा मागून घेतला, टोपी घातली आणि रिक्षात बसले.

केबिन पाडून झाली होती. जोत्याचे दगड उरले होते आणि गवतात गंजलेला सांधा. रूळ अजून उचलले नव्हते. नवसी तिथं आधीच येऊन उभी होती. एकटीच. मी बाबांना जोत्यावर बसवलं, छत्री धरली. त्यांनी ती हातानं दूर केली.

मी घड्याळ पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. तीन अडतीस. लांब मुख्य लाइनवरून एक मालगाडी गेली. तिचा आवाज विरला आणि मग काहीच राहिलं नाही, पाखरूसुद्धा नाही.

बाबांनी दोन्ही हात कानांवर दाबले.

मी कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. टेबलाशी ऐकलं होतं ते डासाएवढंसुद्धा नव्हतं. नवसीकडे पाहिलं. तिनंही नाही म्हणून मान हलवली. बाबा मात्र हळूहळू पुढं वाकत होते, कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत. टोपी गवतात पडली. त्यांची नखं कानामागच्या कातड्यात रुतली होती.

"बाबा, चला," मी म्हणालो. माझा राग त्या क्षणी कुठं गेला कुणास ठाऊक. मला फक्त त्यांना तिथून उचलायचं होतं. मी त्यांच्या काखेत हात घातला. नवसीनं माझं मनगट धरलं.

"त्याला ऐकू येतंय," ती म्हणाली.

"म्हातारा आहे. सोड."

"माझ्या बाचा आवाज मी कंदी ऐकला नाय." तिनं माझा हात बाजूला केला आणि बाबांच्या समोर, दोन रुळांच्या मधे, मांडी घालून बसली. त्यांची मनगटं धरून तिनं हात कानांवरून खाली ओढले. जोर लावावा लागला नाही. "काय बोलतोय तो? सांग."

बाबांनी मान वर केली. डोळे घट्ट मिटलेले होते. त्यांचे ओठ हलले, पहिल्यांदा नुसता वारा आला.

"सांग."

मग त्यांच्या तोंडातून हाक आली. गेली साठ वर्षं मी त्या माणसाचा आवाज ओळखतो. हा तो नव्हता. हा तिशीच्या माणसाचा होता, भरदार, फुटलेला, शेतापलीकडं जाईल असा. पाड्याच्या बोलीतला.

"शांत्या! पाय रं माझा! शांत्या, सोड!"

ओढ्याच्या पलीकडे शेतात वाकलेली दोन माणसं सरळ झाली आणि इकडे पाहू लागली.

मी मागं सरकलो. एका दगडाला अडखळून तिथंच बसलो. नवसी हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर घाम होता की पाणी ते मला दिसलं नाही. ती आणखी थोडी पुढं सरकली, लहान मूल गोष्ट सांगणाऱ्याच्या जवळ सरकतं तशी, आणि बाबांची मनगटं तिनं अजून घट्ट धरली.

"आजून," ती म्हणाली. "आजून बोल."